जॉन ड्रेक प्रेमात का पडत नाही? : 'डेंजर मॅन' या हेरमालिकेविषयी

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांना नमस्कार.

'डेंजर मॅन' ही जुनी ब्रिटिश हेरमालिका मी आणि महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी सध्या क्रमाने पाहत आहोत. पहिल्या पर्वातले अर्ध्या तासाचे भाग संपवून आम्ही आता १९६४ नंतरच्या तासाभराच्या भागांपर्यंत येऊन पोहोचलो आहोत, आणि ज्या एका गोष्टीवरून आमच्या घरात वारंवार चर्चा होते, ती येथील जाणकारांपुढे मांडावी असे वाटले.

मालिकेचा नायक जॉन ड्रेक गुप्तहेर आहे. तो देखणा आहे, एकटा आहे, देशोदेशी फिरतो, आणि कितीतरी भागांत एखादी बुद्धिमान, आकर्षक स्त्री त्याच्या वाटेत येते. तरीही तो कोणाच्या प्रेमात पडत नाही, कोणाला मिठीत घेत नाही, आणि कोणी स्वतःहून जवळ येऊ लागली, तर सौजन्य न सोडता दोन पावले मागे सरतो. हेरकथा म्हटली की पिस्तूल, वेगवान मोटार, मद्याचा पेला आणि नायकाला बिलगलेली सुंदरी, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के झाले आहे, की ड्रेकला पाहताना पहिले काही भाग आपण नकळत त्याच प्रसंगाची वाट पाहत राहतो.

मुलीचे म्हणणे असे, की त्या काळच्या दूरचित्रवाणीला संकोच असणार आणि घरोघरच्या प्रेक्षकांच्या धास्तीने निर्मात्यांनी प्रेमप्रसंग गाळले असणार. मला हे पटत नाही. धास्तीने गाळलेली गोष्ट पडद्यावर पोकळीसारखी जाणवते. येथे मात्र ड्रेकचा नकार त्याच्या नजरेत, बोलण्यात, खोलीत शिरल्यावर तो कोठे उभा राहतो यातसुद्धा दिसतो. तो नकार त्या माणसाचाच वाटतो.

म्हणून विचारतो. हा निर्णय मुळात कोणाचा होता, लेखकांचा, निर्मात्यांचा की प्रमुख अभिनेत्याचा? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या नकारामुळे कथेचे काही नुकसान झाले, की तिला असे काही मिळाले जे एरवी मिळाले नसते? ज्यांनी मालिका बारकाईने पाहिली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ सर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देता येते: हा आग्रह प्रामुख्याने पॅट्रिक मॅकगूहन या अभिनेत्याचा होता.

मालिकेची कल्पना राल्फ स्मार्ट यांची आणि निर्मिती लू ग्रेड यांच्या आयटीसी या कंपनीची. पहिला भाग ११ सप्टेंबर १९६० रोजी ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर दाखवला गेला. सुरुवातीला ड्रेकची जी कल्पना मॅकगूहन यांच्यापुढे ठेवण्यात आली, ती आपल्या ओळखीच्या हेराचीच होती, म्हणजे कमरेला पिस्तूल आणि दर आठवड्याला नवी स्त्री. मॅकगूहन यांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला, आणि पुढे मुलाखतींतही ते हे उघडपणे सांगत असत. ते श्रद्धाळू कॅथलिक होते, १९५१ साली त्यांनी जोन ड्रमंड या अभिनेत्रीशी विवाह केला होता, आणि आयुष्यभर तो संसार टिकला. त्यांना तीन मुली होत्या. दूरचित्रवाणी घरातल्या लहानथोरांसमोर चालते, तेव्हा तेथे काय दाखवावे याची जबाबदारी आपलीही आहे, अशी त्यांची भूमिका होती. याच काळात सत्यजित राय यांनी 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी फेलूदा या गुप्तहेराच्या कथा लिहिताना स्त्री-पुरुष आकर्षणाचा विषय जवळजवळ बाहेरच ठेवला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवेल. फरक असा, की राय यांचे वाचक मुलेच होती. मॅकगूहन यांनी मात्र प्रौढांसाठीच्या मालिकेत हा निर्णय घेतला आणि तो निभावून नेला.

येथे तारखांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. जेम्स बाँडचा पहिला चित्रपट ऑक्टोबर १९६२ मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे ड्रेक त्याच्या दोन वर्षे आधी पडद्यावर आला होता. त्यामुळे ड्रेकला बाँडविरुद्धची प्रतिक्रिया म्हणणे बरोबर नाही. उलट बाँडची भूमिका मॅकगूहन यांनाही देऊ करण्यात आली होती आणि त्यांनी ती नाकारली, हे सर्वपरिचित आहे. आयटीसीच्याच 'द सेंट' या मालिकेतील सायमन टेम्पलरची भूमिकाही त्यांनी स्वीकारली नाही, आणि ती पुढे रॉजर मूर यांच्याकडे गेली. एकाच माणसाने त्या दशकातल्या दोन सर्वांत प्रसिद्ध रंगेल नायकांना नाही म्हणावे, यावरून हा आग्रह एखाद्या मालिकेपुरता नव्हता हे दिसते.

पिस्तुलाचा मुद्दा मी मुद्दाम जोडून सांगतो, कारण माझ्या मते दोन्ही नकारांचे मूळ एकच आहे. ड्रेक क्वचितच शस्त्र बाळगतो. मारामारी करावी लागली तर मुठींनी करतो, पण शक्यतो बोलून, थापा मारून, वेषांतर करून, समोरच्याला त्याच्याच लोभात अडकवून काम साधतो. बंदूक आणि शय्या हे दोन्ही पटकथालेखकाचे सोपे मार्ग आहेत. नायक अडचणीत सापडला की गोळी झाडावी आणि माहिती हवी असेल की कोणाला तरी मोहात पाडावे, म्हणजे प्रसंग पुढे सरकतो. हे दोन्ही मार्ग बंद केल्यावर लेखकांपुढे उरली ती फक्त नायकाची बुद्धी आणि माणसांचे स्वभाव. पहिल्या पर्वाचे एकोणचाळीस भाग पाहताना मला सतत जाणवत राहिले, की पंचवीस मिनिटांत एवढी घट्ट कथा बसते, ती या दोन दरवाजांना कुलूप लावल्यामुळेच.

आपण पहिल्या पर्वानंतरच्या भागांपर्यंत आला आहात, म्हणून आणखी एक बदल सांगतो. पहिल्या पर्वात ड्रेक नाटोसाठी काम करतो, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी तो स्वतःच्या आवाजात आपल्या कामाची ओळख करून देतो. मधल्या खंडानंतर १९६४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो एम-९ या काल्पनिक ब्रिटिश खात्याचा माणूस झाला. अमेरिकेत हे भाग १९६५ पासून 'सीक्रेट एजंट' या नावाने आणि जॉनी रिव्हर्स यांनी गायलेल्या वेगळ्या शीर्षकगीतासह दाखवले गेले. ब्रिटनमधले शीर्षकसंगीत एडविन ॲस्टली यांचे होते, आणि हार्पसिकॉर्डच्या टणत्कारी सुरांवर उभी असलेली ती रचना मला अधिक आवडते, कारण तिच्यात ड्रेकचा सावध, एकाकी स्वभाव नेमका उतरला आहे. या दुसऱ्या टप्प्यात ड्रेक आपल्या वरिष्ठांशी वाद घालू लागतो, दिलेल्या कामाबद्दल शंका घेऊ लागतो. माझ्या दृष्टीने मालिकेचा खरा कस येथून लागतो.

नेपथ्य (परभणी)

मी हौशी रंगभूमीवर काम करतो, म्हणून फक्त अभिनयाबद्दल लिहितो.

मॅकगूहन मूळचे नाटकातले. न्यूयॉर्कमध्ये आयरिश आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा आयर्लंड आणि शेफील्ड येथे वाढला, आणि शेफील्डच्या रेपर्टरी थिएटरमध्ये घडला. 'डेंजर मॅन'च्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये इब्सेनच्या 'ब्रँड' या नाटकातली मुख्य भूमिका केली होती आणि ती फार गाजली. ब्रँड हा 'सर्वस्व द्या, नाहीतर काहीच नको' असे म्हणणारा धर्मोपदेशक. आपल्या तत्त्वापायी तो मूल गमावतो, पत्नी गमावतो. ही भूमिका ज्याने नुकतीच पचवली आहे, तो नट ड्रेककडे वळतो, तेव्हा ड्रेकच्या अलिप्ततेत वजन कोठून आले याचे आश्चर्य वाटत नाही.

रंगमंचावर संयम दाखवणे अवघड असते. काही न करणारा नट आणि काहीतरी रोखून धरणारा नट यांतला फरक प्रेक्षकाला लगेच कळतो. मॅकगूहन रोखून धरतात. समोरची स्त्री बोलत असताना त्यांचे डोळे क्षणभर मऊ होतात, मग ते खाली पाहतात, आणि पुढचे वाक्य अगदी कोरड्या, कामापुरत्या आवाजात येते. आमच्या तालमींत नव्या मुलांना विराम कसा घ्यावा हे सांगताना मी त्यांना हेच प्रसंग दाखवतो.

मांजरा (लातूर)

गोदाकाठ सर, बालाघाट सर, आपल्या दोघांच्या लिखाणात ड्रेकबद्दल जो आदर आहे तो मलाही आहे, परंतु एका बाबतीत मला स्पष्ट मतभेद नोंदवावासा वाटतो.

आपल्याकडे स्त्रीपासून दूर राहणाऱ्या पुरुषाला लगेच व्रतस्थ मानण्याची सवय आहे. ब्रह्मचर्य म्हणजे बळ, हा संस्कार तालमीच्या आखाड्यापासून कीर्तनापर्यंत आपल्या कानावर पडलेला असतो, आणि त्या चष्म्यातून ड्रेककडे पाहिले की तो एखाद्या योग्यासारखा भासू लागतो. मालिका तसे दाखवत नाही. ड्रेक सिगारेट ओढतो, मद्य घेतो, पत्ते खेळतो, हसतो, थट्टा करतो, आणि गरज असेल तेव्हा अतिशय गोड बोलतो. स्त्रिया त्याला आवडत नाहीत असे कोठेही दिसत नाही. काही भागांत तर त्याच्या मनात ओढ निर्माण झाली आहे हे स्वच्छ कळते. तो फक्त त्या ओढीच्या मागे जात नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ड्रेक स्त्रियांना मोहात पाडत नाही, म्हणून तो त्यांच्या भावनांशी खेळत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो खोटे नाव सांगून, खोटा व्यवसाय सांगून माणसांच्या घरात शिरतो. एका भागात तो एका लबाड धनिकाच्या घरी बटलर होऊन राहतो, दुसऱ्या एका भागात समुद्रातल्या जुन्या किल्ल्यावरून चालणाऱ्या बेकायदा रेडिओ केंद्रावर निवेदक बनतो. तेथे भेटणारी एकटी, घाबरलेली, कोणाशी तरी मोकळेपणाने बोलू इच्छिणारी माणसे त्याच्यावर विश्वास टाकतात, आणि त्या विश्वासातूनच त्याचे काम होते. यात पुरुषही असतात, स्त्रियाही असतात. चुंबन घेऊन केलेली फसवणूक आणि चहाचा पेला पुढे करून, आस्थेने चौकशी करून केलेली फसवणूक, यांपैकी कोणती अधिक खोल जाते? मला विचाराल तर दुसरी, कारण फसवली गेलेली व्यक्ती नंतर स्वतःला हेही सांगू शकत नाही की आपण मोहात सापडलो होतो. तिने एका भल्या दिसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवलेला असतो, एवढेच.

मालिकेचे मोठेपण मला येथे दिसते. प्रेमप्रसंग असता, तर ही फसवणूक त्या गोडव्याखाली झाकली गेली असती. प्रेक्षक म्हणून आपण नायक-नायिकेच्या मीलनाने सुखावलो असतो आणि पुढच्या आठवड्यात ती नायिका कोठे गेली, हे विचारलेही नसते. ड्रेकच्या कथेत मीलन नसल्यामुळे शेवटी उरते ती एका माणसाने दुसऱ्याचा वापर करून घेतल्याची जाणीव, आणि ती ड्रेकच्या चेहऱ्यावरही दिसते.

उणेही सांगायला हवे. या कथांतील बहुतेक स्त्रिया कोणाची तरी पत्नी, मुलगी, सचिव म्हणूनच येतात. स्वतःच्या हिंमतीवर काम करणाऱ्या स्त्री-हेर अधूनमधून भेटतात आणि त्या भेटतात तेव्हा फार छान लिहिलेल्या असतात, पण त्यांचे प्रमाण कमी आहे. त्याच वर्षांत ब्रिटनमध्येच 'द अव्हेंजर्स' या मालिकेत ऑनर ब्लॅकमन आणि नंतर डायना रिग यांनी बरोबरीच्या स्त्री-हेराच्या भूमिका केल्या होत्या, म्हणजे तसे लिहिणे त्या काळी अशक्य नव्हते.

नाथसागर (पैठण)

मांजराताईंचा प्रतिसाद वाचून मला कौटिल्याची आठवण झाली. विषय सोडून जात नाही. ड्रेकच्या बाबतीत ते मला फार जवळचे वाटते, म्हणून लिहितो.

अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात, अमात्यांची निवड करताना त्यांची गुप्तपणे परीक्षा कशी घ्यावी हे सांगितले आहे. या परीक्षांना उपधा म्हणतात आणि त्या चार आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. कामोपधेत राजवाड्यात मान असलेली एक परिव्राजिका प्रत्येक अमात्याकडे जाते आणि त्याला सांगते, की महाराणीचे तुमच्यावर मन आहे, भेटीची व्यवस्था झाली आहे, शिवाय पुष्कळ धनही मिळेल. जो नकार देतो तो या परीक्षेत शुद्ध ठरतो. त्याच ग्रंथात पुढे, शत्रूच्या संघांत फूट पाडण्यासाठी त्यांच्या प्रमुखांना स्त्रियांच्या मोहात पाडून एकमेकांविरुद्ध उभे करावे, असेही विस्ताराने सांगितले आहे. म्हणजे जे शस्त्र आपण दुसऱ्यावर चालवतो, तेच आपल्यावर चालेल हे गृहीत धरून आपली माणसे पारखून घ्यावीत, असा हा सरळ व्यवहार आहे.

'डेंजर मॅन' ज्या वर्षांत तयार होत होती, त्या वर्षांत ब्रिटनमध्ये नेमके हेच घडत होते. नौदल खात्यातील कर्मचारी जॉन व्हॅसल मॉस्कोच्या ब्रिटिश वकिलातीत असताना १९५४ मध्ये सोव्हिएत हेरांनी त्याची एका मेजवानीत छायाचित्रे काढली. समलैंगिक संबंध त्या वेळी ब्रिटनमध्ये गुन्हा असल्यामुळे त्या छायाचित्रांचा धाक दाखवून त्याच्याकडून पुढे अनेक वर्षे गुप्त कागदपत्रे मिळवण्यात आली. १९६२ मध्ये त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांना क्रिस्टीन कीलर या तरुणीशी असलेल्या संबंधांबद्दल संसदेत खोटे सांगितल्यामुळे राजीनामा द्यावा लागला, आणि त्याच तरुणीचा सोव्हिएत नौदल अधिकारी येव्हगेनी इवानोव याच्याशीही संबंध होता. पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख मार्कुस वोल्फ तर पश्चिम जर्मनीची राजधानी असलेल्या बॉनमधील सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या एकाकी सचिवांना प्रेमात गुंतवण्यासाठी देखणे तरुण पाठवत असत.

व्हॅसल आणि प्रोफ्युमो ही प्रकरणे वर्तमानपत्रांतून ताजी असतानाच १९६४ मध्ये ड्रेक पुन्हा पडद्यावर आला. मालिकेच्या लेखकांनी ती समोर ठेवून लिहिले असे मी म्हणत नाही. पण त्या वर्षीच्या ब्रिटिश प्रेक्षकाला शय्यागृहात शिरणारा हेर आणि दारातूनच मागे फिरणारा हेर, यांपैकी कोण आपल्या कामात निष्णात आहे, हे वेगळे सांगावे लागले नसेल. गोदाकाठ सरांच्या मुलीला वाटणारा संकोच बाजूला ठेवून पाहिले, तर ड्रेकचा नकार हा व्यवसायाचा पहिला नियम आहे. या धंद्यात आपल्यावर प्रेम करणारी व्यक्ती ही आपली उघडी बाजू असते आणि आपण जिच्यावर प्रेम करतो ती त्याहून अधिक.

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. तारखांचा क्रम आणि मॅकगूहन यांचा आग्रह समजल्यावर तिने संकोचाचा मुद्दा सोडून दिला, पण मांजराताईंचे म्हणणे तिला सर्वाधिक पटले. तिने त्याला जोडून एक शंका विचारली आहे. व्यवसायाचा नियम म्हणून एखादा माणूस प्रेमापासून दूर राहतो, तर मग इतरांशी वागताना त्याला वाईट वाटण्याचे कारण काय? नाथसागर सरांनी सांगितलेला अमात्य परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर खंत करत बसत नाही. ड्रेक मात्र अनेक भागांच्या अखेरीस अस्वस्थ दिसतो. जो कोणात गुंतत नाही, त्याला ही अस्वस्थता कोठून येते?

डोंगरकडा (खुलताबाद)

आपल्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर मला 'कॉलनी थ्री' या १९६४ मधल्या भागात सापडते. आपण तेथपर्यंत पोहोचला नसाल तर पुढचा मजकूर भाग पाहून झाल्यावर वाचावा.

या भागात ड्रेक एका इंग्रज माणसाचे नाव आणि ओळख धारण करतो. तो माणूस साम्यवादी बाजूला निघालेला असतो. ड्रेक त्याच्या जागी प्रवास करतो आणि पोलादी पडद्याआड उभारलेल्या एका गावात पोहोचतो. गाव हुबेहूब इंग्लंडमधल्यासारखे आहे. रस्ते, दुकाने, बस, लोकांच्या सवयी, सारे इंग्रजी. येथे सोव्हिएत हेरांना इंग्रज म्हणून वागायला शिकवले जाते आणि खरे इंग्रज रहिवासी त्यांचे शिक्षक आहेत. त्यांना गाव सोडून जाता येत नाही. याच प्रवासात ड्रेकसोबत जॅनेट नावाची एक तरुणी येते. तिला राजकारणाशी काही देणेघेणे नाही. आपल्या प्रियकराला भेटता येईल एवढ्याच आशेने ती आलेली आहे.

म्हणजे या कथेत प्रेम आहे, आणि ते नायकाचे नाही. प्रेमासाठी धोका पत्करणारी व्यक्ती जॅनेट आहे, आणि त्या प्रेमामुळेच ती सापळ्यात सापडते. ड्रेकला तिची दया येते. गावात ती ज्याच्याशी बोलू शकेल असा तो जवळजवळ एकटाच आहे, तरीही आपण कोण आहोत हे तो तिला सांगू शकत नाही. सांगितले तर त्याचे काम बुडेल, आणि कदाचित दोघांचाही जीव जाईल. शेवटी ड्रेक तेथून सुटतो, लंडनला परततो, वरिष्ठांपुढे बसतो आणि जॅनेटबद्दल विचारतो. तिच्यासाठी काहीही करता येणार नाही, असे त्याला सांगण्यात येते. ते गाव आपल्याला माहीत आहे हे शत्रूला कळू द्यायचे नाही, म्हणून एका निरपराध मुलीला तेथेच सोडून द्यायचे.

या प्रसंगात ड्रेक तिचा प्रियकर असता, तर त्याची अस्वस्थता समजायला सोपी झाली असती. आपले माणूस गेले म्हणून तो दुःखी आहे, असे आपण म्हटले असते, आणि पुढच्या भागात तो कदाचित सारे नियम मोडून तिला सोडवायलाही गेला असता. तसे काहीच नाते नसल्यामुळे त्याच्या दुःखाला 'आपले' म्हणून ओढून घेण्यासारखे कारण उरत नाही. एका माणसाने दुसऱ्या माणसाला संकटात पाहिले, मदत करणे शक्य होते, आणि ती केली गेली नाही. कोणात न गुंतणाऱ्या माणसाला अस्वस्थता कोठून येते, असे आपली मुलगी विचारते. माझे उत्तर असे, की ड्रेकने स्वतःसाठी प्रेम नाकारले आहे, इतरांच्या दुःखाशी असलेले नाते नाकारलेले नाही, आणि त्याचे खाते नेमके हे दुसरे नाते तोडायला सांगते. कौटिल्याच्या चार उपधांमध्ये करुणेची परीक्षा नाही. ड्रेक दर वेळी त्या पाचव्या परीक्षेत खात्याच्या दृष्टीने नापास होत जातो.

माझे आजोबा मुक्तिसंग्रामाच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पांत निरोप पोहोचवण्याचे काम करत. त्या दिवसांबद्दल ते फार कमी बोलत. जे बोलत त्यात रझाकारांच्या गोळीबारापेक्षा, ज्या घरांनी त्यांना रात्रीपुरता आसरा दिला आणि नंतर त्याची किंमत मोजली, त्या घरांचाच उल्लेख अधिक असे. त्यामुळे ड्रेकचा तो शेवटचा प्रसंग मला मुळीच अतिरंजित वाटला नाही.

मांजरा (लातूर)

डोंगरकडा सर, जॅनेटच्या प्रसंगाबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. त्यात एवढीच भर घालते, की तो भाग पाहताना मला ड्रेकपेक्षा जॅनेटच अधिक धीट वाटली. तिला कोणतेही प्रशिक्षण नाही, पाठीशी कोणतेही खाते नाही, आणि तरीही ती एवढी दूर येते.

बालाघाट (अंबाजोगाई)

सर्व प्रतिसाद वाचून पुढे काय पाहावे याबद्दल गोदाकाठ सरांना एक सुचवतो.

तासाभराच्या भागांनंतर ड्रेकचे शेवटचे दोन भाग येतात, 'कोरोशी' आणि 'शिंदा शिमा'. ते रंगीत आहेत आणि जपानमध्ये घडतात. छायाचित्रण सुंदर आहे, पण कथांत पूर्वीचा ताण नाही. ते वगळले तरी चालेल. त्यांच्यासह मालिकेचे एकूण शहाऐंशी भाग होतात. तोपर्यंत मॅकगूहन यांचे मन या भूमिकेतून निघाले होते आणि त्यांनी लू ग्रेड यांच्यापुढे 'द प्रिझनर' या नव्या मालिकेची कल्पना मांडली. १९६७ मध्ये ती सुरू झाली. एक हेर राजीनामा देतो, त्याला पळवून एका सुंदर, अनोळखी गावात आणून ठेवले जाते, आणि राजीनाम्याचे कारण सांग म्हणून त्याचा छळ होतो. नाव काढून घेऊन त्याला सहा हा क्रमांक दिला जातो. हा क्रमांक सहा म्हणजे जॉन ड्रेकच, असे अनेक रसिक मानतात आणि 'द प्रिझनर'चे पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टीन यांचेही तसेच म्हणणे होते. मॅकगूहन यांनी मात्र ते कायम नाकारले.

आपण 'कॉलनी थ्री' पाहिल्यावर लगेच 'द प्रिझनर'चा पहिला भाग पाहावा. दोन्हींचे दिग्दर्शन डॉन चॅफी यांचे आहे, आणि दोन्हींत बाहेर पडता न येणारे एक नीटनेटके गाव आहे. 'द प्रिझनर'मधले गाव वेल्समधील पोर्टमेरियन येथे चित्रित झाले, आणि तेच ठिकाण 'डेंजर मॅन'च्या अगदी पहिल्या भागात इटलीतले गाव म्हणून वापरले होते. त्या पहिल्या भागात ड्रेक तेथे हवा तेव्हा येतो आणि हवा तेव्हा निघून जातो. क्रमांक सहालाही प्रेमप्रसंग नाहीत. तेथे तर कोणी प्रेमाने जवळ आले, की तो सापळा असण्याचीच शक्यता अधिक असते, आणि आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न तेथे उलट बाजूने उभा राहतो, कारण त्या गावात सर्वजण क्रमांक सहाशी तसेच वागतात, जसे वागायला ड्रेकला त्याचे खाते पाठवत असे.